वळणावरच्या जड गाड्या: नॅसकारच्या जुन्या रोड कोर्स शर्यतींचा संग्रह

अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींचे आयोजन करणाऱ्या नॅसकार या संस्थेने आपल्या जुन्या शर्यतींच्या संपूर्ण चित्रफिती आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध करून दिल्या आहेत. संग्रह प्रचंड आहे आणि त्यातील बहुतेक शर्यती अर्थातच ओव्हलवरच्या, म्हणजे गाड्या सतत डावीकडेच वळत राहतात अशा बंदिस्त लंबगोल ट्रॅकवरच्या आहेत. हे परीक्षण मात्र त्यातील रोड कोर्सच्या शर्यतींपुरते मर्यादित आहे. डावी-उजवी वळणे, चढउतार आणि हेअरपिन, म्हणजे गाडी जवळपास उलट फिरवणारी तीव्र वळणे, असलेल्या ट्रॅकवर याच गाड्या धावतात, तेव्हा काय घडते हे पाहायचे असेल, तर हा संग्रहातला छोटा पण सर्वांत रसाळ भाग आहे असे माझे मत आहे. १९८९ पासून २०१७ पर्यंत संपूर्ण हंगामात अशा शर्यती दोनच होत असत, एक कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे आणि दुसरी न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन येथे. त्यामुळे ठरवून पाहणाऱ्या प्रेक्षकाला हा सगळा भाग आवाक्यातला वाटतो.

पाहायला बसण्यापूर्वी गाडीविषयी थोडे समजून घेतले, तर आनंद दुप्पट होतो. २०२१ पर्यंतची कप या नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेची गाडी साधारण दीड टन वजनाची, ३५८ घनइंचांच्या व्ही-८ इंजिनाची आणि चार गिअरची होती. मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसाने जोडलेली असत आणि चाकांचा व्यास अवघा १५ इंच असल्यामुळे आत बसणाऱ्या ब्रेकच्या आकारालाही मर्यादा होती. ही रचना मुळात ओव्हलवर तासन्‌तास पूर्ण वेगात पळण्यासाठी मुरलेली. तीच गाडी ताशी अडीचशे किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने येऊन एखाद्या घट्ट उजव्या वळणापूर्वी थांबवायची म्हणजे ब्रेक तापतात, आणि खालचा गिअर टाकताना इंजिनाचा वेग नीट जुळला नाही, तर मागचा आस थडथडू लागतो, चाके जमिनीवर उड्या मारतात आणि गाडी गर्रकन फिरते. जाणकार याला व्हील हॉप म्हणतात. एकदा हे ओळखता येऊ लागले की पडद्यावर एरवी निरर्थक वाटणारी कितीतरी दृश्ये बोलू लागतात: एखादा चालक वळण सोडून सरळ धुळीत का गेला, शर्यतीच्या अखेरीस एखाद्याने ब्रेक लवकर का लावायला सुरुवात केली, हे समालोचकाने सांगण्याआधीच कळते.

संग्रहाची सर्वांत मोठी उणीव आरंभीच्या काळाची आहे, आणि तिचा दोष संग्रह करणाऱ्यांकडे जात नाही. नॅसकारच्या पहिल्या श्रेणीची पहिली रोड कोर्स शर्यत १९५४ साली न्यू जर्सीतील लिंडन विमानतळाच्या धावपट्ट्यांवर झाली आणि ती अल केलर याने जग्वार एक्सके१२० या ब्रिटिश गाडीने जिंकली. त्यानंतर परदेशी नाममुद्रेच्या गाडीला या मालिकेत पुन्हा जिंकायला २००८ साल उजाडावे लागले. १९५६ मध्ये विस्कॉन्सिनमधील रोड अमेरिका या चार मैलांच्या ट्रॅकवर टिम फ्लॉक पावसात जिंकला. या दोन्ही शर्यती संपूर्ण पाहायला मिळाव्यात अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे, परंतु त्या काळी शर्यती आरंभापासून अखेरपर्यंत दूरचित्रवाणीवर दाखवल्याच जात नव्हत्या. ५०० मैलांची शर्यत संपूर्ण थेट दाखवण्याचा पहिला प्रयोग १९७९ च्या डेटोना ५०० चा. त्याआधीचे जे काही पाहायला मिळते, ते तुकड्यातुकड्यांचे असणार हे गृहीत धरूनच बसावे.

याचा सर्वांत मोठा फटका कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड या ट्रॅकच्या सुवर्णकाळाला बसतो. डॅन गर्नी याने तेथील ५०० मैलांची शर्यत १९६३ ते १९६६ अशी सलग चार वेळा आणि पुन्हा १९६८ मध्ये जिंकली. रोड कोर्सवर घडलेला चालक ओव्हलवाल्यांना त्यांच्याच गाडीत कसा हरवू शकतो, याचे पहिले ठळक उदाहरण तो. याच ट्रॅकवर जानेवारी १९६४ मध्ये लागोपाठ दोन वर्षांचा मालिका विजेता जो वेदरली भिंतीवर आदळून मरण पावला. खांद्याचा पट्टा त्याने लावलेला नव्हता. १९७३ मध्ये मार्क डॉनह्यू याने एएमसी मॅटाडोर या गाडीला चारही चाकांवर डिस्क ब्रेक बसवून तेथे विजय मिळवला आणि इतरांचे ड्रम ब्रेक एका दिवसात जुने ठरवले. या शर्यतींची संपूर्ण चित्रफीत असती, तर माझ्या यादीत ती सर्वांत वर असती.

रिव्हरसाइडचा शेवट मात्र नीट पाहता येतो, आणि तो पाहावाच. टिम रिचमंड दीर्घ आजारातून परतला, त्याने १९८७ च्या जूनमध्ये पोकोनो येथे परतीच्या शर्यतीतच विजय मिळवला आणि पुढच्याच आठवड्यात रिव्हरसाइडही जिंकले. ती त्याची अखेरची जीत. १९८९ मध्ये एड्सने त्याचे निधन झाले. रिचमंडच्या त्या विजयाच्या पुढच्या वर्षी, जून १९८८ मध्ये, या ट्रॅकवरची नॅसकारची शेवटची शर्यत रस्टी वॉलेसने जिंकली. त्या जागी पुढे बाजारसंकुल उभे राहिले. चित्रदर्जा त्या काळच्या प्रक्षेपणाचा आहे, म्हणजे चौकोनी पडदा आणि धुरकट रंग. पण लांबच लांब मागच्या सरळ रस्त्यावरून गाड्या नवव्या वळणाकडे येतात, तेव्हा दूरवर ठेवलेल्या एकाच कॅमेऱ्याने जो वेग जाणवतो, तो आजच्या डझनावारी कॅमेऱ्यांच्या उड्यांमध्ये हरवतो असे मला वाटते.

वॉटकिन्स ग्लेन हा या संग्रहाचा कणा म्हणता येईल. १९५७ मध्ये एकदा, १९६४ आणि १९६५ मध्ये दोनदा आणि मग थेट १९८६ पासून येथे शर्यती होऊ लागल्या. हा वेगवान ट्रॅक असल्यामुळे जड गाड्या येथे फारशा अवघडलेल्या दिसत नाहीत, पण धोकाही त्याच प्रमाणात मोठा. १९९१ च्या शर्यतीत पाचव्याच फेरीला जे. डी. मॅकडफी हा ज्येष्ठ चालक सरळ रस्त्याच्या शेवटी भिंतीवर आदळून मरण पावला. ६५३ शर्यतींत एकही विजय न मिळालेला, स्वतःच्या तुटपुंज्या साधनांवर धावणारा हा माणूस. ही शर्यत पाहायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. हळव्या प्रेक्षकाने ती सोडून द्यावी. परंतु १९९२ पासून त्या सरळ रस्त्यावर इनर लूप नावाची वेग मोडणारी आडवळणे का आली, याचे उत्तर त्याच शर्यतीत आहे. त्याआधीची एखादी शर्यत आणि मार्क मार्टिनने जिंकलेली १९९३ ची शर्यत लागोपाठ पाहिल्यास ट्रॅकचा स्वभाव कसा बदलला हे स्पष्ट दिसते. सुरक्षिततेसाठी केलेल्या या बदलाने पुढे ओव्हरटेकिंगची एक नवी जागा मिळवून दिली, हा त्यातला अनपेक्षित लाभ.

सोनोमाची प्रकृती याच्या अगदी उलट आहे. हा ट्रॅक टेकडीवर आहे, अरुंद आहे आणि शेवटच्या हेअरपिनपाशी सगळ्यांची सभ्यता संपते. १९९१ ची शर्यत पाहिल्याशिवाय हे विधान पटणार नाही. अखेरची फेरी सुरू होण्याच्या बेतात असताना रिकी रडच्या धक्क्याने आघाडीवरचा डेव्ही ॲलिसन फिरला. रड पहिला येऊन पोहोचला, तेव्हा त्याला विजयाचा चौकड्यांचा झेंडा न मिळता दंडाचा काळा झेंडा मिळाला आणि विजय ॲलिसनला बहाल झाला. निर्णय योग्य होता का, यावर आजही वाद घालता येईल. माझ्या मते धक्का दंडास पात्र होता, पण त्याहून सौम्य धक्के देऊन पुढे कितीतरी जण सुखाने जिंकून गेले. नियम त्या दिवशी कडक आणि एरवी सैल, हे काही बरे नव्हे.

यानंतरची काही वर्षे जेफ गॉर्डनची. १९९७ ते २००० या काळात त्याने रोड कोर्सवरच्या सलग सहा शर्यती जिंकल्या. चुरस म्हणून या शर्यती कंटाळवाण्या आहेत हे प्रांजळपणे सांगायला हवे. गाडी चालवण्याचा धडा म्हणून मात्र त्यांच्या तोडीचे दुसरे काही नाही, कारण ज्या आसाची थडथड इतरांना छळते, तिचा मागमूसही गॉर्डनच्या गाडीत दिसत नाही. ब्रेक आणि गिअर यांची सांगड तो अशी घालतो, की गाडी वळणात ढकलली न जाता ओतल्यासारखी उतरते. गाडीतल्या कॅमेऱ्याची दृश्ये येतील तेव्हा समालोचनाचा आवाज बंद करून नुसते इंजिन ऐकावे.

त्याच काळात रिंगर नावाची एक मजेदार जमात या शर्यतींत दिसते. रोड कोर्सवर मुरलेले, एरवी अन्य प्रकारच्या शर्यतींत धावणारे चालक केवळ या दोन शर्यतींपुरते पाहुणे म्हणून बोलावले जात. रॉन फेलोज १९९९ आणि २००४ मध्ये वॉटकिन्स ग्लेन येथे दुसरा आला, बोरिस सेडने २००३ मध्ये सोनोमा येथे सर्वांत पुढून सुरुवात केली. विजय मात्र नेहमी मालिकेतल्या नियमित चालकांकडेच गेला. याचे कारण पिट स्टॉपपाशी, म्हणजे टायर आणि इंधनासाठीच्या थांब्यापाशी, शोधावे. पाहुण्यांना बहुधा दुय्यम संघाची गाडी मिळे आणि वळणावर कमावलेले सेकंद टायर बदलताना गमवावे लागत.

मार्कोस ॲम्ब्रोज हा ऑस्ट्रेलियन चालक या संग्रहातला माझा सर्वांत आवडता. २०१० मध्ये सोनोमा येथे तो आघाडीवर असताना पिवळ्या झेंड्याखाली, म्हणजे धोक्यामुळे सगळ्यांना सावकाश चालवले जात असताना, इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद-चालू करत होता. चढावर गाडी थबकली, आवश्यक वेग राखला नाही म्हणून त्याला सातव्या क्रमांकावर ढकलण्यात आले आणि जिमी जॉन्सनला रोड कोर्सवरचा त्याचा एकमेव विजय मिळाला. हे पाहून लगेच २०१२ ची वॉटकिन्स ग्लेनची शर्यत लावावी. शेवटच्या फेरीत ट्रॅकवर तेल सांडलेले, आघाडीचा काइल बुश घसरतो आणि ब्रॅड केसेलोव्स्कीचा धक्का लागून फिरतो, मग केसेलोव्स्की आणि ॲम्ब्रोज एकमेकांना रेटत, गवतात उतरत, परत येत संपूर्ण फेरी लढतात आणि ॲम्ब्रोज अवघ्या ०.५७१ सेकंदाने जिंकतो. वेळ एकाच शर्यतीपुरता असेल, तर ती हीच. २०१६ च्या सोनोमातली शेवटची फेरीही याच पंगतीतली: डेनी हॅमलिन पुढे जातो आणि शेवटच्या हेअरपिनवर टोनी स्टुअर्ट त्याला बाजूला सारून आपल्या कारकिर्दीतला अखेरचा विजय मिळवतो.

२०१८ मध्ये शार्लटच्या ओव्हलला आतला रस्ता जोडून केलेला मिश्र ट्रॅक आला आणि २०२१ मध्ये तर रोड कोर्सच्या शर्यतींची संख्या सातवर गेली. २०२२ मध्ये नवी गाडी आली. तिला मागे स्वतंत्र सस्पेन्शन, पाच गिअरचा सिक्वेन्शियल (म्हणजे गिअर एकामागून एक क्रमानेच पडणारा) गिअरबॉक्स, १८ इंची चाके आणि मोठे ब्रेक आहेत. कागदावर ही गाडी रोड कोर्ससाठीच जणू बनवलेली. पण जुन्या आणि नव्या शर्यती लागोपाठ पाहिल्यावर माझी खात्री झाली, की गाडी सुधारली आणि शर्यत बिघडली. ब्रेक लावण्याचे अंतर कमी झाले, म्हणून पुढच्याला गाठण्याची जागा आक्रसली. चुकीचा गिअर पडण्याची भीती उरली नाही, म्हणून चुका घटल्या. आणि चुका घटल्या तसे ओव्हरटेकिंगही घटले. जुन्या शर्यतींतली रंगत गाडी आणि ट्रॅक यांच्या विजोडपणातून येत होती, हे नव्या शर्यती पाहिल्यावरच ध्यानात येते. नवे नियम लिहिणाऱ्यांनी या चित्रफिती सलग पाहाव्यात असे सुचवावेसे वाटते.

याला एक अपवाद आहे. जुलै २०२३ मध्ये शिकागो शहराच्या रस्त्यांवर, पावसाने ओल्या ट्रॅकवर झालेली शर्यत न्यूझीलंडच्या शेन व्हॅन गिसबर्गनने आपल्या पहिल्याच प्रयत्नात जिंकली. पदार्पणात विजय मिळण्याची अशी घटना १९६३ नंतर प्रथमच घडली. २०२५ मध्ये त्याने मेक्सिको सिटी, शिकागो, सोनोमा, वॉटकिन्स ग्लेन आणि शार्लट अशा पाच शर्यती खिशात घातल्या. विशेष म्हणजे नव्या गाडीत क्लचची गरज बहुतेक चालकांना उरलेली नसताना हा गृहस्थ अजूनही उजव्या पायानेच ब्रेक दाबतो आणि त्याच पायाच्या टाचेने ॲक्सिलरेटर हलवून डाव्या पायाने क्लच वापरतो. त्यामुळे जुन्या शर्यती पाहून झाल्यावर त्याच्या पायांवरच्या कॅमेऱ्याची दृश्ये अवश्य शोधावीत.