सायकलने सांतियागो: फ्रेंच मार्ग की पोर्तुगीज मार्ग?

आईवडील आणि मित्र यांच्यासह स्पेनमधील सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राची यात्रा सायकलने करू इच्छिणाऱ्या एका मैत्रिणीपुढे हा प्रश्न आहे. फ्रान्समधील सँ-झाँ-प्ये-द-पोर गावाहून निघणारा फ्रेंच मार्ग सुमारे ७८० किलोमीटरचा, तर पोर्तुगालमधील पोर्तोहून जाणारा पोर्तुगीज मार्ग सुमारे २४० किलोमीटरचा असून, सायकलस्वारांना यात्रा केल्याच्या प्रमाणपत्रासाठी शेवटचे २०० किलोमीटर पुरेसे असतात. खरा फरक चढांचा आहे: फ्रेंच मार्गावर पिरेनीज पर्वतानंतरही सुमारे १,५०० मीटर उंचीवरील क्रूझ दे फेरो हा उंच खांबावरचा लोखंडी क्रूस येतो, जिथे खांबाच्या पायथ्याशी यात्रेकरू घरून आणलेला दगड ठेवतात, ते दृश्य विलक्षण असले, तरी सामानासह तो चढ ज्येष्ठांची दमछाक करतो. दिवस वाढले की खर्चही वाढतो. सार्वजनिक यात्रीनिवासांत पायी चालणाऱ्यांना प्राधान्य असल्याने दोन्हीकडे खोल्या आधीच राखाव्यात. ज्येष्ठ सोबत असतील आणि रजा आठवडाभराचीच असेल, तर पोर्तोहून निघावे. सराव असलेल्या मित्रांनी दोन-तीन आठवडे काढून फ्रेंच मार्गच धरावा.