सॅम्पलरचा दिवा गेलाय: घरी उघडावा, टीव्हीवाल्याला द्यावा की मुंबईला न्यावा?

परवा नव्या पेठेत ऑर्केस्ट्रातला एक जुना मित्र भेटला आणि भर उन्हात दहा मिनिटं उभं करून एकच गाऱ्हाणं सांगत बसला. त्याच्या सॅम्पलरच्या पॅनलवरचा एक लाल दिवा लागत नाही. आवाज नीट, पट्ट्या नीट, फ्लॉपी लोड होते. फक्त कुठला साउंड निवडलाय ते कळत नाही. गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, तोंडावर आलाय. काय करू?

सोलापुरात पट्ट्या असलेल्या प्रत्येक यंत्राला कॅसिओच म्हणतात, म्हणून एक गोष्ट आधी सांगतो. साध्या कीबोर्डवर दिवा गेला तर फारसं बिघडत नाही, सॅम्पलरवर बिघडतं. सॅम्पलर रेकॉर्ड केलेला आवाज मेमरीत ठेवून वाजवतो आणि जुन्या यंत्रांत तो मेमरीत येतो फ्लॉपीवरून. १९८८ चा एन्सोनिक ईपीएस तर स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा फ्लॉपीवरून उचलतो. मेमरीत काय आलंय आणि बोटाखाली काय आहे, हे स्टेजवर सांगणारे ते दिवेच. शहनाईच्या जागी बासरी लागली की गायिका मागे वळून कशी बघते, ते मी भोगलंय.

कुणाकडे न्यायचं हे ठरवण्याआधी अंधाऱ्या खोलीत यंत्र चालू करून बसा आणि दिव्याचं वागणं बघा. एकच दिवा कायमचा गेलाय? की पॅनल दाबलं, पट्टी जोरात मारली की क्षणभर लागतो? की तीन-चार दिवे एकदमच गेलेत? ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत.

यात तिसरं नीट समजून घ्यायला हवं. पॅनलवर पंधरा-वीस दिवे असले तरी प्रत्येकाला स्वतंत्र तार सहसा नसते. ते आडव्या-उभ्या ओळींत जोडलेले असतात आणि एकेका ओळीला क्षणभर वीज मिळते. हे इतक्या भराभर होतं की डोळ्याला सगळे सलग पेटलेले वाटतात. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा, बऱ्याचदा लुकलुक पकडता येते. म्हणून एकच दिवा गेला तर दोष त्या दिव्याचा किंवा त्याच्या जोडाचा. एका ओळीतले सगळे गेले तर दिवे बिचारे शाबूत असतात. ओळीला वीज देणारा ट्रान्झिस्टर, ड्रायव्हर आयसी किंवा पट्टी केबल (बोर्ड जोडणारी चपटी रिबन केबल) बघावी लागते. अशा वेळी चार एलईडी, म्हणजे हे छोटे दिवे, बदलून काहीही होत नाही.

फ्लॉपी ड्राइव्हचा दिवा सतत पेटलेला राहत असेल तर पॅनलकडे वळूच नका. ड्राइव्ह नुकताच काढून बसवला असेल तर केबल बहुतेक उलटी लागलीय. तोवर कामाची डिस्क आत घालू नका, डेटा खराब होऊ शकतो.

आता घरी उघडण्याबद्दल. खर्च म्हणाल तर एलईडी काही रुपयांचा. मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न धरून हजाराच्या आत भागतं. स्क्रू वाटीत ठेवा आणि प्रत्येक केबल काढण्याआधी फोटो काढा. प्लग काढला तरी पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, त्या बाजूला बोट नको. आधी पट्टी केबल काढून पुन्हा घट्ट बसवा. निम्म्या वेळा माझं काम इथंच झालंय. नाही झालं तर भिंगातून दिव्याच्या मागचे डाग, म्हणजे सोल्डरचे जोड, बघा. जोडाभोवती केसाएवढी गोल चीर दिसली तर ते ड्राय सोल्डर, नवा डाग दिला की संपलं. डाग चांगले असतील तर मीटर डायोडच्या खुणेवर लावून लाल प्रोब एलईडीच्या धन पायाला, काळी ऋण पायाला टेकवा. चांगला लाल एलईडी मंद उजळतो आणि मीटर १.८ व्होल्टच्या आसपास दाखवतो.

भीती एकाच गोष्टीची आहे. पस्तीस वर्षांच्या बोर्डावर आयर्न जास्त वेळ टेकवलं की तांब्याची पट्टी पापुद्र्यासारखी उचलली जाते. आधी भंगारातल्या रेडिओच्या बोर्डावर आठवडाभर हात बसवा. तेवढा धीर नसेल तर घरी उघडू नका.

गल्लीतला टीव्ही-ॲम्प्लिफायरवाला मला अजूनही सगळ्यात सोयीचा वाटतो. डाग द्यायला त्याच्यासारखा हात नाही, पैसे माफक आणि काम आपल्यासमोर. फक्त त्याला दिव्याचं महत्त्व पटत नाही. "वाजतंय की ओ! मग लायटीचं काय करताय?" हे मी किमान तीनदा ऐकलंय. एकाने माझ्या यंत्रात लाल संपले म्हणून पारदर्शक काचेचा, भगभगीत एलईडी बसवून दिला. अंधाऱ्या हॉलमध्ये तो कार्यक्रमभर डोळ्यांत घुसत होता. शेवटी बायकोकडून टिकली घेऊन वर चिकटवली. तेव्हा एलईडी आपणच न्या: दुधी काचेचा, जुन्या पद्धतीचा लाल, ३ की ५ मिलिमीटर ते शेजारच्या दिव्यावर मोजून. पांढरा-निळा नकोच. त्यांना ३ व्होल्टच्या आसपास लागतात आणि मूळ रेझिस्टन्स लाल दिव्याच्या हिशेबाने लावलेला असतो. आणखी एक, यंत्र ११० व्होल्टचं अमेरिकन असेल तर ट्रान्सफॉर्मर सोबत द्या आणि वर कागद चिकटवा. तपासायला म्हणून कुणी थेट २३० मध्ये घातलं, तर दिव्याचा प्रश्न कायमचा मिटेल.

मुंबईला जुन्या सिंथेसायझरच्या कारागिराकडे नेणं म्हणजे सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये रात्रभर यंत्र सांभाळत जाणं. ट्रान्सपोर्टने पाठवलं तर धक्क्यांनी दोन नवे ड्राय सोल्डर होऊन येण्याचा धोका. पुणं जवळ, हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जाता येतं. पण जुन्या सिंथवर हात बसलेला माणूस तिथे आहे का, ते आधी फोनवर विचारा. एका दिव्यासाठी हा खटाटोप मी करणार नाही. पण ओळच्या ओळ गेली असेल, डिस्प्लेही थरथरत असेल, किंवा आयसीच्या पायावरची ५ व्होल्टची लाईन ४.७५ च्या खाली येत असेल, तर यंत्र न्यावंच. तिथे सर्किट डायग्राम वाचणारा माणूस लागतो. नुसता डाग देणारा हात पुरत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षं पत्र्याखालच्या खोलीत पडलेल्या यंत्रांचे कपॅसिटर सुकतात, तेही तिथे एकदमच बदलून घ्यावेत.

आणि काहीच न करणं? तोही पर्याय आहे. नुसता पॉवरचा दिवा गेला असेल तर मी हातही लावणार नाही.

मित्राचं विचाराल तर संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन बघितलं. एकच दिवा गेलाय म्हणत होता, प्रत्यक्षात तीन दिवे बंद, तिन्ही एकाच ओळीतले. पट्टी केबल काढून बसवली, फरक नाही. म्हणजे टीव्हीवाल्याचं काम नाही. गड्ड्याचे कार्यक्रम त्याने तसेच करायचे ठरवले. बटणांवर कागदाच्या पट्ट्या लावून ‘शहनाई’, ‘बासरी’, ‘तुतारी’ असं लिहून घेतलंय. यात्रा संपली की मुंबई. आपला डाव्या कोपऱ्यातला दिवा आधी दोनदा मिणमिणला होता, हे त्याला निघताना आठवलं. ते एका चिठ्ठीवर लिहून यंत्राच्या पेटीत टाकायला लावलं.