जनसुनावणी की कोर्ट?

गोव्यातल्या डिचोली-सत्तरीत खाण पुन्हा सुरू होणार म्हटलं की गावापुढे दोन वाटा. एक, पर्यावरणीय परिणाम तपासण्यासाठीच्या केंद्राच्या २००६च्या अधिसूचनेतली जनसुनावणी: ३० दिवसांची नोटीस, मंडप, माइक. पावसाळ्यात डंपाची (खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगाची) लाल माती वाहून शेतात बसते, विहिरी आटतात, हे तिथे इतिवृत्तात लिहून घेतात; पण नकाराधिकार गावाला नाही.

दुसरी वाट कोर्टाची: महाग आणि वेळखाऊ. तरी ७ फेब्रुवारी २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. सुनावणीच्या हातात तेवढं नाही. (त्या निकालाने आमच्याच वाड्यावरचे ट्रकही कामाविना दारात उभे राहिले, हेही खरंच.)

मी सुनावणीला जाईन, पण नुसतं बोलून परतणार नाही. लेखी हरकत देऊन पोचपावती घेईन. पुढे वकील आधी तीच मागतो.