ब्रिटिश-आयरिश बॉक्सरांची क्रमवारी : राजारामपुरीतील एका उपक्रमाचे परीक्षण

राजारामपुरीतील एका बॉक्सिंग प्रशिक्षण वर्गाने रविवारी संध्याकाळी जुन्या लढती पडद्यावर दाखवून त्यांचे विश्लेषण करण्याचा उपक्रम सुरू केला आहे. वर्गातील विद्यार्थ्यांना तो विनामूल्य असून बाहेरून येणाऱ्यांकडून नाममात्र शुल्क घेतले जाते. १९७० नंतरच्या ब्रिटिश आणि आयरिश बॉक्सरांची गुणवत्तेनुसार क्रमवारी हा पहिल्या मालेचा विषय होता. कोल्हापुरात हा विषय कोण ऐकणार, अशी शंका मला सुरुवातीला वाटली होती, परंतु सभागृह दर वेळी भरत गेले. खासबागेत हलगीच्या तालावर कुस्त्या पाहिलेल्या माणसाला कोण मोठा आणि का, हा वाद घालायला परक्या देशाचे पैलवानही चालतात, हेच त्यामागचे कारण असावे.

उपक्रमाची सर्वांत जमेची बाजू म्हणजे प्रशिक्षकांचे मराठी विवेचन. मूळ इंग्रजी समालोचन बंद ठेवून ते स्वतः बोलतात, महत्त्वाच्या क्षणी चित्र थांबवतात आणि ठोसा कोणत्या पायावर भार देऊन निघाला, हनुवटी कधी उघडी पडली, हे दाखवतात. नवशिक्या मुलांना यातून जे मिळते, ते नुसत्या निकालांच्या यादीतून कधीच मिळणार नाही. मात्र त्यांनी लावलेल्या क्रमाशी मी पूर्णपणे सहमत नाही. त्यांच्या यादीत वेल्सचा जो कॅलझागी पहिला आणि लेनॉक्स लुईस दुसरा आहे. माझ्या मते हा क्रम उलटा हवा.

कॅलझागीच्या बाजूचा युक्तिवाद सोपा आहे. त्याने ४६ लढती खेळल्या आणि ४६ जिंकल्या. १९९७ मध्ये ख्रिस युबँकला पहिल्याच फेरीत खाली पाडून, पुढे गुणांवर हरवून त्याने सुपर मिडलवेट गटाचे विजेतेपद मिळवले आणि ते दहा वर्षांहून अधिक काळ राखले. २००६ मध्ये मँचेस्टरला अमेरिकेच्या जेफ लेसीविरुद्ध झालेली त्याची लढत उपक्रमात पूर्ण दाखवण्यात आली आणि ती या मालेतील सर्वांत देखणी लढत होती. त्याच्या हातांना वारंवार दुखापत होत असे, म्हणून प्रत्येक ठोसा पूर्ण ताकदीने न मारता तो संख्येवर आणि वेगावर भर देत असे. प्रशिक्षकांनी ही बाब फार चांगली उलगडून दाखवली. २००७ मध्ये कार्डिफला त्याने तोवर अपराजित असलेल्या मिकेल केसलरला हरवले, तो विजयही अस्सलच. परंतु त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी दोन नावे, बर्नार्ड हॉपकिन्स आणि रॉय जोन्स, त्याच्या वाट्याला २००८ मध्ये आली, तेव्हा हॉपकिन्स ४३ वर्षांचा आणि जोन्स ३९ वर्षांचा होता. या दोघांशी तो ऐन उमेदीत भिडला असता, तर काय झाले असते, हा प्रश्न त्याच्या निष्कलंक आकड्यांनी सुटत नाही.

लुईसच्या आकड्यांवर डाग आहेत: ४४ लढतींत ४१ विजय, दोन पराभव आणि एक बरोबरी. मात्र ते डाग नीट तपासले, तर त्याचे मोठेपण कमी होण्याऐवजी वाढते. १९९४ मध्ये वेम्बलीला ऑलिव्हर मॅकॉलने त्याला दुसऱ्या फेरीत लोळवले. त्यानंतर लुईसने त्या लढतीत मॅकॉलच्या कोपऱ्यात उभे असलेल्या इमॅन्युएल स्टुअर्ड यांनाच आपले प्रशिक्षक म्हणून नेमले. आपली खोट ज्याने अचूक हेरली, त्याच्याच हाती स्वतःला सोपवण्यासाठी मोठे मन लागते. त्यानंतरचा लुईस वेगळा दिसतो, जॅबच्या, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशाच्या, आधाराने अंतर राखणारा आणि उजव्या हाताची वेळ येईपर्यंत थांबणारा. मार्च १९९९ मध्ये न्यूयॉर्कला इव्हँडर होलीफिल्डविरुद्ध त्याचे ३४८ ठोसे लागले, होलीफिल्डचे १३०, तरीही पंचांनी लढत बरोबरीत सोडवली. त्या रात्रीच्या फेऱ्या पाहताना सभागृहातून उमटलेली नाराजी मला पूर्णपणे योग्य वाटली. नोव्हेंबरमध्ये लुईसने फेरलढत जिंकून हेवीवेटचे निर्विवाद, म्हणजे प्रमुख संघटनांचे एकत्रित, विजेतेपद घेतले. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हसीम रहमानने त्याला पाचव्या फेरीत झोपवले, तर त्याच वर्षी लास व्हेगासला त्याने चौथ्या फेरीत परतफेड केली. ज्या दोघांनी त्याला हरवले, त्या दोघांनाही त्याने हरवले आणि विजेता असतानाच निवृत्ती घेतली. त्याची शेवटची लढत व्हिटाली क्लिच्कोशी झाली. ती क्लिच्कोच्या डोळ्याजवळील जखमांमुळे थांबवावी लागली, तेव्हा लुईस गुणांवर मागे होता, हेही मान्य केले पाहिजे. तरीही होलीफिल्ड, माइक टायसन आणि व्हिटाली क्लिच्को या तिघांवर विजय मिळवलेला दुसरा ब्रिटिश बॉक्सर नाही.

तिसऱ्या क्रमांकावर एडिनबराचा केन ब्युकॅनन आहे आणि या निवडीबद्दल प्रशिक्षकांचे मनापासून अभिनंदन केले पाहिजे, कारण आजच्या पिढीला तो जवळजवळ ठाऊक नाही. १९७० मध्ये पोर्टो रिकोच्या जाळत्या उन्हात त्याने पंधरा फेऱ्या खेळून इस्माएल लगुनाकडून लाइटवेटचे जागतिक विजेतेपद घेतले. दोन वर्षांनी न्यूयॉर्कला तरुण रॉबर्टो दुरानने तेराव्या फेरीच्या अखेरीस कमरेखाली मारलेल्या फटक्याने तो कोसळला, परंतु पंचांनी तो फटका नियमबाह्य ठरवला नाही. दुरान गुणांवर पुढे होता, हे खरे. तरी अशा निकालाने विजेतेपद जावे, हे आजही पाहवत नाही.

टायसन फ्युरी, रिकी हॅटन आणि नसीम हमीद यांच्यावरील बैठक घाईत उरकली गेली. फ्युरीने २०१५ मध्ये ड्युसेलडॉर्फला व्हिटालीचा भाऊ व्लादिमीर क्लिच्कोला हरवले आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या डिऑन्टे वाइल्डरविरुद्ध बाराव्या फेरीत तो जमिनीवरून उठला. एवढ्यावर तो पहिल्या पाचांत बसतो. युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिककडून २०२४ मध्ये झालेल्या दोन पराभवांनंतर त्याहून वर नाही. हॅटनची २००५ मधील कोस्त्या झूविरुद्धची लढत मात्र संपूर्ण दाखवायला हवी होती.

व्यवस्थेबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. पडदा मोठा आणि चित्र स्वच्छ आहे, परंतु मागच्या रांगांतील खुर्च्या सपाट जमिनीवर असल्यामुळे पाय आणि कंबर यांच्या हालचाली तेथून दिसत नाहीत, आणि विवेचनाचा निम्मा भर त्यांच्यावरच असतो. मैदानातील ध्वनी पूर्ण बंद न ठेवता हलका चालू ठेवला, तर ठोशाचे वजन ऐकूनही कळेल. प्रत्येक बैठकीनंतर दिले जाणारे एका पानाचे मराठी टिपण उत्तम आहे. वजनगट, वर्षे आणि निकाल त्यात बिनचूक असतात.

माझी मुख्य तक्रार आयर्लंडच्या आणि महिलांच्या वाट्याविषयी आहे. १९८५ मध्ये लंडनला सात वर्षे विजेता राहिलेल्या युसेबिओ पेद्रोसाला हरवणारा बॅरी मॅकगिगन यादीत आहे, आणि उत्तर आयर्लंड हिंसाचारात होरपळत असताना दोन्ही बाजूंचे झेंडे नाकारून तो रिंगमध्ये कसा उतरत असे, हेही सांगितले गेले. परंतु १९९५ आणि १९९६ या दोन वर्षांत युबँक आणि नायजेल बेन यांना प्रत्येकी दोनदा हरवणाऱ्या स्टीव्ह कॉलिन्सचा केवळ उल्लेख झाला. आयर्लंडची केटी टेलर आणि इंग्लंडची निकोला ॲडम्स यांना तर मिळून अर्धी बैठक मिळाली. वास्तविक आपल्याकडच्या प्रेक्षकांना ॲडम्स सर्वांत जवळची असायला हवी, कारण लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली उपांत्य फेरीत मेरी कोमला ११-६ असे हरवून तिनेच पुढे महिला बॉक्सिंगचे पहिले सुवर्ण जिंकले. मेरी कोम मुळात याहून खालच्या वजनगटातील, आणि ऑलिंपिकमध्ये ५१ किलोखालचा गटच नव्हता, ही बाब ती लढत दाखवताना समजावून सांगता आली असती. त्याच स्पर्धेत सुवर्ण जिंकलेली टेलर माझ्या यादीत थेट चौथी येते. दोन वजनगटांत तिने निर्विवाद विजेतेपद मिळवले, आणि चॅन्टेल कॅमेरॉनकडून मे २०२३ मध्ये डब्लिनला हरल्यावर सहाच महिन्यांत त्याच शहरात तिला हरवले. लुईसला ज्या निकषाने मी पहिला मानतो, त्यावर ती पूर्ण उतरते. वर्गात मुलींची संख्या लक्षणीय असल्यामुळे पुढील मालेत एप्रिल २०२२ मधील टेलर आणि अमांडा सेरानो यांच्या लढतीच्या दहाही फेऱ्या दाखवाव्यात आणि त्यासाठी स्वतंत्र रविवार राखून ठेवावा, अशी सूचना मी प्रशिक्षकांकडे लेखी दिली आहे.