पाटणची थकाली थाळी: सतरा जण, शेवटचा दिवस

आधी या खानावळीचा पत्ता, कारण पाटी वाचून सापडणार नाही. पाटीवर नुसतं 'थकाली भान्छा घर' (म्हणजे थकाली स्वयंपाकघर) लिहिलंय आणि काठमांडू खोऱ्यात तसल्या पाट्या जागोजागी आहेत. पाटणच्या दरबार चौकात कृष्ण मंदिरापाशी यायचं (1637 चं, अख्खं दगडी, 21 कळसांचं, चुकणार नाही), मंगल बाजारातून तांब्यापितळेच्या दुकानांच्या गल्लीत शिरायचं आणि फोडणीच्या वासामागे दुसऱ्या माडीवर चढायचं. जिना लाकडी, दार बुटकं. आमच्या पाळकसाहेबांचं, म्हणजे चर्चच्या पाद्रींचं, डोकं जातानाही आपटलं आणि येतानाही.

आम्ही नगरच्या ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाचे 14 जण, पाळकसाहेब, पाळकीणबाई आणि मी. दहा दिवस ललितपूरच्या, म्हणजे पाटणच्याच, दक्षिणेला लेले नावाच्या गावात एका शाळेच्या भिंती रंगवल्या. (हो, लेले. जोशी आणि गोखले कुठे राहतात, हे पोरांनी पहिल्याच दिवशी विचारून झालं.) आमच्या पत्रकावर 'मिशन ट्रिप' छापलं होतं, पण सीमा ओलांडल्यावर तो शब्द बॅगेतच ठेवला. कुणाचं धर्मांतर घडवायला नेपाळच्या राज्यघटनेत मनाई आहे आणि 2018 पासून लागू झालेल्या कायद्यात त्याला तुरुंगवास आहे. त्यामुळे दिवसा रंगकाम, मुलांशी लंगडी-खोखो, आणि रात्री आपसांत प्रार्थना.

शेवटचा दिवस शनिवार होता. तिथे आठवड्याची सुट्टी शनिवारी, म्हणून उपासनाही शनिवारी. चपला बाहेर काढून, सतरंजीवर मांडी घालून, मादल नावाच्या ढोलकीच्या ठेक्यावर. पोरं तिथे मजेत होती. मग गेस्ट हाउसवर पाळकसाहेबांनी अनुभवकथन ठेवलं. "एका वाक्यात सांगा, काय शिकलात?" सगळे पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. 'देवाने खूप आशीर्वाद दिला' हे वाक्य तेरा वेळा ऐकलं. चौदावा म्हणाला, भूक लागलीय. मी मनात आमेन म्हटलं.

अडीचला इथे पोचलो. सात वाजता आपल्या सीमेवरच्या सोनौलीची बस, शिवाय नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. ते कुणी मोबाइलवर बदललंय आणि कुणी नाही, म्हणून मी दर पाच मिनिटांनी वेळ विचारत होते.

ताट यायला चाळीस मिनिटं लागली. याचे गुण कापणार होते, पण भात आमच्यासाठी नव्याने टाकला होता आणि तो वाफाळता, सुटा आला. काशाचं ताट. मधे भात, भोवती वाट्या: जिम्बू नावाच्या वाळल्या पातीची तुपातली फोडणी दिलेली काळी डाळ, राईची भाजी, बटाटा, चिकनचा रस्सा, मुळ्याचं लोणचं. एका वाटीत गुन्द्रुक, म्हणजे पालेभाजी आंबवून वाळवतात आणि मग तिचं आंबट सार करतात. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं. तिसऱ्याला वाटी पुढे होते.

चटणीविषयी मात्र सांगितलंच पाहिजे. टोमॅटोची चटणी, तीत टिमुर. मी एक दाणा चावला आणि जीभ झिणझिणली. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. आमच्याकडे बांगड्याच्या कालवणात तिरफळ पडतं, त्याच जातीचं हे फळ. दहा दिवसांत मला घराची आठवण आली नव्हती, ती या चटणीने आणली.

थकाली लोक मूळचे मुस्तांगकडचे, काली गंडकी नदीच्या खोऱ्यातले. तिबेटातून मीठ खाली आणि इकडचं धान्य वर जायचं त्या वाटेवर यांच्या खानावळी असायच्या. आल्यागेल्याला पोटभर वाढायची सवय तिथली असावी. डाळ, भात, भाजी पुन्हा हवी तेवढी. वाढणारी मुलगी "थपौं?" म्हणत फिरत राहते आणि तुम्ही "पुग्यो" म्हणेपर्यंत थांबत नाही. आमच्या एकाला तिने विचारलं, "मिठो छ?" नेपाळीत मिठो म्हणजे चविष्ट. हा घाबरून म्हणाला, "नाही नाही, मीठ बरोबर आहे!"

दुसऱ्या वाढपानंतर पोरं बोलायला लागली. कुणाचा हात कुठे सोलला, कोण रात्री रडत होतं, शाळेतल्या कुठल्या चिमुरड्याने ब्रश परत द्यायला नकार दिला. गेस्ट हाउसवरच्या अनुभवकथनात यातलं अक्षरही निघालं नव्हतं.

मालकीणदिदी गल्ल्यावरून उठून आमच्यात येऊन बसली. चांगलं हिंदी बोलते. विचारलं, इकडे कशाला आलात? एकीने अभिमानाने सांगितलं, शाळा रंगवायला.

"का? इथे रंगारी नाहीत?"

कुणाला काही सुचेना. दिदी हसली. तिचा नवरा रंगारीच आहे, सहा वर्षं झाली, कतारला. मग तिने नीट चौकशी केली. भिंती घासून घेतल्या होत्या का? थोड्या. प्रायमर? एक हात. पहिला हात पुरता वाळू दिला? पोरांनी माझ्याकडे बघितलं. वेळ कमी होता, मी म्हणाले.

"मग पावसाळ्यात पोपडे येतील," दिदी म्हणाली आणि पाळकसाहेबांना भात वाढला.

आता तक्रारी. सतरा माणसांना संडास एकच, कडी सैल. एकत्र बसायला जागा नाही, तीन टेबलांत विभागलो. भक्तपूरचं जुजु धौ, म्हणजे मातीच्या वाडग्यातलं घट्ट दही, फळ्यावर लिहिलेलं असतं पण दुपारी तीनला संपलेलं होतं. आमच्यातल्या दोघांनी आधी चौकात बफ (म्हशीच्या मांसाचे) मोमो हाणले होते, त्यांचं ताट वाया गेलं. तो दोष हॉटेलचा नाही.

बिल: साधी थाळी 300, चिकन थाळी 450, नेपाळी रुपयांत. अकरा चिकन, सहा साध्या, एकूण 6750. आपले 100 म्हणजे तिथले 160. दिदीने आपल्या शंभराच्या 42 नोटा मोजून घेतल्या, वरचे 30 आम्ही नेपाळी रुपयांत दिले. आम्ही गेलो तेव्हा पाचशेची नोट घेत नव्हते, शंभराच्या जवळ ठेवा.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण संडासाचा. मोठा गट असेल तर आदल्या दिवशी सांगून जा आणि दही आधीच बाजूला ठेवायला लावा. बसमध्ये आमच्याकडे अनुभवकथनाचा दुसरा प्रयत्न झाला, पण कुणी लक्ष दिलं नाही. प्रायमरचे हात एक की दोन, यावर भांडण गोरखपूरपर्यंत चाललं होतं.