टाकीची पावती

मी इंदूरला रामबागेत राहतो. २०२४ च्या दिवाळीत माझ्या तेरा वर्षांच्या मुलाने वर्षभर साठवलेले आणि आजीने दिवाळीला दिलेले असे नऊ हजार रुपये घालून हिरवा इग्वाना, म्हणजे एक मोठा विदेशी सरडा, घेतला. मी सोबत होतो, बोलणी मीच केली. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. मला सांगायचंय ते दुकानदार काय काय म्हणाला ते, कारण तेच तुम्हालाही सांगितलं जाईल.

पिल्लू जेमतेम वीतभर लांब होतं, पोपटासारखं हिरवंगार. मी विचारलं, केवढा होतो हा? दुकानदार म्हणाला, "भिया, टंकी जितनी, उतना ही बढ़ेगा." म्हणून आम्ही दोन फुटांची काचेची टाकी घेतली. हे साफ खोटं आहे. हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत झाडांवर राहणारा प्राणी. शेपटीसकट पाच-सहा फूट होतो, नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. त्याला चढायला फांद्या आणि खोलीएवढी उंच जागा लागते. टाकीत त्याचं वाढणं थांबलं, तर तो आजारी आहे असंच समजायचं.

टाकीसोबत त्याने एक विजेवर तापणारा दगड दिला, एक साधा पिवळा बल्ब दिला आणि म्हणाला, टाकी खिडकीशी ठेवा, ऊन मिळेल. खाणं काय? पालक, कोबी, आणि ताकदीसाठी आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं. आम्ही अक्षरशः तसंच केलं. मुलगा वहीत तारखा लिहून अंडं द्यायचा.

डोक्यावरून बोट फिरवलं की तो डोळे मिटायचा. दुकानदार म्हणाला होताच, कुत्र्यासारखा लळा लावतो. आम्हाला वाटलं, लागला लळा. हातात घेतल्यावर इग्वाना डोळे मिटतो, ते अनेकदा ताणामुळे, समोरचं नकोसं झालं म्हणून, हे मला फार उशिरा कळलं.

डिसेंबरात इंदूरची रात्र दहा अंशांच्या खाली जाते. ह्याला दिवसा सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या वर ऊब हवी, आणि ऊन खायच्या जागी पस्तिशीच्या आसपास. तो दिवसभर त्या दगडाला चिकटून पडायला लागला. जानेवारीत पोटाखालची कातडी काळी पडलेली दिसली. मग बोटं थरथरायला लागली, खालचा जबडा सुजून मऊ पडला, आणि एके दिवशी तो मागचा पाय ओढत चालायला लागला. आम्ही त्याला महूच्या एका पशुवैद्यांकडे नेलं.

एक्स-रेत हाडं जेमतेम दिसत होती, मांडीचं हाड मोडलेलं होतं. डॉक्टरांनी शांतपणे एकेक गोष्ट विचारली आणि प्रत्येक उत्तराला माझा जीव खाली जात गेला. इग्वानाला कॅल्शियम पचवायला ड जीवनसत्त्व लागतं, ते उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या अंगात तयार होतं, आणि खिडकीची काच नेमके तेच किरण अडवते. साध्या बल्बने ऊब मिळते, हे किरण मिळत नाहीत. त्यासाठी वेगळी ट्यूब येते, आणि तीही प्रकाश देत राहिली तरी काही महिन्यांनी निकामी होते, बदलावी लागते. पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, ते अंगी लागू देत नाही. इग्वाना पूर्ण शाकाहारी, अंड्यातल्या प्रथिनांचा भार त्याच्या मूत्रपिंडांवर पडतो. ऊब त्याला वरून, सूर्यासारखी मिळायला हवी. पोटाखाली भाजतंय हे त्याला वेळेवर कळत नाही, म्हणून तो दगड ठेवायचाच नसतो. मग त्यांनी विचारलं, त्याची भांडी कुठे धुता? आम्ही ती स्वयंपाकघरातच धूत होतो. निरोगी दिसणाऱ्या इग्वानाच्या विष्ठेतही साल्मोनेला, म्हणजे माणसाला आजारी पाडणारा जिवाणू, असू शकतो, आणि घरात माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई आहे.

खायला काय द्यायचं, हे विचारल्यावर ते म्हणाले, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं. जास्वंद आमच्या दारात आहे. आई रोज सकाळी गणपतीसाठी त्याचीच फुलं काढते. चार महिने त्याचं खाणं दाराशी होतं आणि आम्ही आत त्याला पालक देत होतो. परत येताना गाडीत मुलगा एवढंच म्हणाला, "बाबा, मी रोज वहीत लिहीत होतो."

फेब्रुवारीच्या शेवटी इग्वाना गेला.

आता कागदांचं. दुकानदार म्हणाला होता, हा विदेशी प्राणी आहे, घोरपडीसारखा नाही, लायसन लागत नाही. घोरपड पाळणं गुन्हा आहे हे मला माहीत होतं, म्हणून हे पटलं. पण इग्वाना साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ ची वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती आणि फेब्रुवारी २०२४ चे नियम यांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याला केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. हस्तांतर, जन्म, मृत्यू, सगळं कळवावं लागतं. नोंदणी करायची जबाबदारी माझी होती आणि ती मी केली नाही, हे मला मान्य आहे. पण मूळ कागद दुकानातून आलाच नाही. घरी येऊन पावती नीट वाचली तेव्हा त्यावर लिहिलं होतं, "काँच की टंकी व सामान." प्राण्याचा उल्लेखच नव्हता. तेव्हाच परत फिरायला हवं होतं.

मार्चमध्ये मी ती पावती आणि एक्स-रे घेऊन दुकानात गेलो. त्याने एक्स-रे हातातही घेतला नाही. म्हणाला, "अंकल, चार महीने निकाल दिए उसने, बहुत हैं." म्हणजे किती दिवस टिकतो हे त्याला विकतानाच ठाऊक होतं. काउंटरमागच्या टाकीत तीन नवी पिल्लं तशाच दगडावर पडून होती. त्याच आठवड्यात मी वनविभागात लेखी तक्रार दिली, त्यात माझी चूकही लिहिली.

तुमच्या घरी असा इग्वाना असेल तर तापणारा दगड आजच काढा. खालचा जबडा बोटाने हलकेच दाबून बघा, लवचिक लागला किंवा बोटं थरथरत असतील तर लगेच सरीसृपांची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडे न्या. आणि अजून घेतला नसेल, तर दुकानात उभं राहून नोंदणीचा आणि हस्तांतराचा कागद मागा, पावतीवर "हिरवा इग्वाना" असं लिहून मागा. आमच्या दुकानदाराने ते लिहिलं नसतं.