खालची कड: वाइड कन्व्हर्टर आठ महिने वापरल्यावर

मार्चमध्ये मी हा अनुभव लिहायला घेतला होता आणि पहिलंच वाक्य होतं, 'या भिंगाच्या नादाला लागू नका.' ते खोडलंय. का खोडलं, ते पुढे येईलच.

कॅमेरा कॅननचा पॉवरशॉट ए ६२०. २००५ सालचा, ७.१ मेगापिक्सेल, चार पेन्सिल सेलवर चालणारा. जुना आहे, पण बंद पडत नाही, आणि बंद न पडलेली वस्तू बदलणं मला जमत नाही. तक्रार एकच. त्याची झूम फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबाने ३५ मिमीपासून सुरू होते (आकडा जितका लहान, तितकं रुंद दृश्य). बारा फुटी भिंत चौकटीत बसवायची तर साधारण बारा फूट मागे सरकावं लागतं. खोली तेवढी नसेल तर तुम्ही दारात, पाठ चौकटीला टेकलेली, आणि फोटोत अर्धंच कपाट. फोनमध्ये ०.५ चा रुंद कॅमेरा असतो, हे मला माहीत आहे. सांगू नका.

म्हणून लेन्सपुढे लावून दृश्य रुंद करणारं जादा भिंग, कॅननचा ०.७ पटीचा डब्ल्यूसी-डीसी ५८ एन वाइड कन्व्हर्टर, सेकंडहँड घेतला. ३५ गुणिले ०.७ म्हणजे साडेचोवीस मिमी. त्याच भिंतीसाठी आता साडेआठ फूट पुरतात. साडेतीन फूट म्हणजे काही फार नाही असं वाटेल, पण खोलीच्या आत ते साडेतीन फूट म्हणजे पाठीमागची भिंत असते.

कन्व्हर्टर थेट कॅमेऱ्यावर बसत नाही. लेन्सभोवतालची चकती काढून तिथे एक ट्यूब अडकवायची, आणि ट्यूबच्या ५८ मिमीच्या आट्यांवर कन्व्हर्टर फिरवून घट्ट करायचा. कंपनीची मूळ ट्यूब एलए-डीसी ५८ एफ. मी विचार केला, भिंग भारी हवं हे ठीक, पण पोकळ नळकांड्याला काय सोनं लागलंय? भलत्याच कुणीतरी बनवलेली स्वस्त ट्यूब मागवली. इथेच माती खाल्ली, पण ते कळायला पाच महिने गेले.

पहिला फोटो बघून खूश झालो. पुस्तकांचं अख्खं कपाट आलं, शिवाय बाजूचं दारही. दुसऱ्या दिवशी मोठ्या स्क्रीनवर पाहिलं आणि खालच्या फळीवरची पुस्तकं लोणी फासल्यासारखी दिसली. वरच्या फळीवरची नावं मात्र नीट वाचता येत होती. कोपरे जरा मऊ येणार हे गृहीतच होतं. असा कन्व्हर्टर म्हणजे साधारणपणे उलटी धरलेली दुर्बीण. पुढे जादा काच आली की कडांना थोडा त्रास होतोच. पण तो चारी बाजूंना सारखा व्हायला हवा. एकच कड खराब, म्हणजे भिंग आतून सरकलेलं, असं मी ठरवून टाकलं.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, 'कन्व्हर्टरमध्ये कोपरे असेच येतात सर.' मी लिहिलं की कोपरा नाही, अख्खी कड आहे. त्यावर अंगठा आला. नुसता अंगठा! पुढचे तीन आठवडे मी त्या अंगठ्यावर जितका वेळ घालवला, तितका फोटो काढण्यावर घालवला नाही.

लेन्सचं छिद्र लहान करून पाहिलं (एफचा आकडा मोठा, तितकं छिद्र लहान). एफ/२.८ ला कड वाईट, एफ/५.६ ला बरी, एफ/८ ला आणखी थोडी बरी, पण तिथे मधला भागही मवाळ होतो, कारण एवढ्या लहान सेन्सरवर बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ४०० च्या वर जात नाही, त्यामुळे घरात एफ/५.६ म्हणजे ट्रायपॉड आलाच. फ्लॅश वापरायचा म्हटलं तर ट्यूबची गोल सावली चौकटीत पडते. ट्यूबने ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकीही झाकली जाते. फिरणारी स्क्रीन आहे म्हणून निभावतं. झूम मात्र पूर्ण वाइडलाच ठेवायची. अधेमधे नेली तर चित्र बिघडतं, आणि मग कन्व्हर्टर लावण्यात अर्थही नाही.

मग जुलैत एका समारंभात कॅमेरा उभा धरून मावशीचा फोटो काढला. घरी येऊन पाहतो तर धूसर कड पुन्हा खालीच! मावशीच्या पायांपाशी. हे मी दोनदा पाहिलं, मग चहा केला आणि तिसऱ्यांदा पाहिलं. भिंग आत सरकलेलं असेल, तर कॅमेरा उभा धरल्यावर खराब कड डावीकडे किंवा उजवीकडे जायला हवी. कॅमेऱ्याबरोबर ती फिरायलाच हवी. इथे ती जमिनीला चिकटून होती. म्हणजे दोष काचेत नव्हता, वजनात होता.

कपाटासमोर ट्रायपॉड लावला. एक फोटो नेहमीसारखा. दुसऱ्यात डाव्या हाताच्या दोन बोटांनी ट्यूब खालून किंचित उचलून धरली, कपभर ओझं उचलावं एवढ्याच जोराने. खालच्या फळीवरची नावं लख्ख! बोटं काढली की पुन्हा लोणी. कॅमेऱ्याला जिथे ट्यूब अडकते तिथे ती हलकीशी खुळखुळत होती. नुसती लावली तर जाणवतही नव्हतं. पण पुढे काचेचा एवढा गोळा लटकला की नाक खाली झुकायचं आणि कन्व्हर्टरचा अक्ष लेन्सच्या अक्षाशी तिरका व्हायचा.

विकणाऱ्याला मी मनातल्या मनात जे काही म्हटलं होतं, ते परत घेतो. अंगठा सोडून.

तात्पुरता इलाज म्हणून ट्यूबच्या खाचांवर इन्शुलेशन टेपच्या नखाएवढ्या पट्ट्या चिकटवल्या. एक थर कमी पडला, दोन थरांनी ट्यूब बसेचना, शेवटी खाली दोन आणि वर एक असं जमलं. दोन महिने तसंच वापरलं. उन्हात टेपचा डिंक सुटतो आणि ट्यूब काढताना बोटांना लागतो.

खुळखुळ जाताच भिंगाची खरी ओळख झाली. मधला भाग कन्व्हर्टरविना असतो जवळजवळ तसाच तीक्ष्ण. शटरचा वेग कमी करावा लागत नाही, कारण एफ आकडा तोच राहतो. दूरचं जवळ आणणाऱ्या, पण प्रकाश खाणाऱ्या टेलिकन्व्हर्टरची सवय असलेल्यांना हे आवडेल. ऊन बाजूने आलं की मात्र चित्र पांढुरकं पडतं, तेव्हा हाताचा आडोसा करावा लागतो. दारांच्या चौकटी बाहेर फुगतात. ते हगिन या फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ होतं, पण एक गोम आहे: कन्व्हर्टर लावला हे कॅमेऱ्याला कळतच नाही. एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या माहितीत, लेन्सचा मूळचा ७.३ मिमी हाच आकडा येतो (फिल्मच्या हिशेबाने तो ३५), त्यामुळे सॉफ्टवेअर आपणहून योग्य दुरुस्ती करत नाही. मी कपाटाच्या फळ्यांवर रेषा मारून एकदाच आकडे काढून ठेवलेत, तेच प्रत्येक वेळी टाकतो.

फुजीच्या एक्स १०० कॅमेरावाल्यांचा या बाबतीत हेवा वाटतो. त्यांचा ०.८ पटीचा कन्व्हर्टर ३५ चे २८ करतो, आणि मेनूत सांगितलं की कॅमेरा स्वतःच दुरुस्ती करतो. तिथे झूमच नाही, म्हणून मधे लांब ट्यूबही नाही. झुकणार काय?

ग्रुप फोटोत कडेला माणसं उभी करू नका. हा दोष कन्व्हर्टरचा नाही, एवढ्या रुंद कोनात कडेची प्रत्येक गोष्ट ताणली जाते. मावशीने एक फोटो बघून विचारलं, 'माझ्यावर राग आहे का रे तुझा?' तेव्हापासून ती मध्यभागी असते.

गेल्या आठवड्यात मूळ ट्यूब मिळाली, तीही सेकंडहँड, बाहेरून ओरखडे असलेली. लावताना 'टक्' असा आवाज आला. स्वस्त ट्यूबने आठ महिन्यांत हा आवाज एकदाही काढला नव्हता. कपाटाचे आडवे आणि उभे असे सहा फोटो काढले, बोटांचा आधार न देता. खालची कड स्वच्छ. वरच्या उजव्या कोपऱ्यात फळीच्या कडेला जांभळी रेघ अजून दिसते, शंभर टक्के मोठं केल्यावर. तेवढी मी चालवून घेतो.